स्तांका म्हणजे काय

नाशिकरोड,
१९ जानेवारी २०२५

चि. सृष्टी हिस,
आईचा सप्रेम जयभीम.

मी आणि तुझी ताई मनाली इकडे बऱ्या आहोत. तू, मिलान आणि बाळही बरे असाल. फोन असताना आई कागद घेऊन बसली म्हणून तुला हसू येईल. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला त्याच्यावर नीट बोलता येत नाही, हे गेल्या महिन्यात आपण सगळ्यांनी बघितलंच. तुझी ताई म्हणते, स्पीड पोस्टने पंधरा दिवसांत पोहोचेल. पोहोचू दे सावकाश.

थंडी यंदा चांगली पडलीय. तुझ्या जुन्या पॅकहाऊसमधली शुभांगी परवा भेटली. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकिंग सुरू झालंय. तुझ्या जागी आलेल्या पोरीला मण्यातली साखर अजून नीट मोजता येत नाही, असं सांगत होती. "आमची मॅडम आता सर्बियात रास्पबेरी तपासते," असं ती नव्या बायकांना ऐकवते म्हणे. मी डिंकाचे लाडू केले होते तुझ्यासाठी. ते तिकडे पाठवता येत नाहीत हे नंतर कळलं. बाळंतीण तू आणि लाडू खातेय मनाली.

आता नावाचं लिहिते. तेच लिहायला बसले होते आणि लाडवांवर गेले.

तू व्हिडिओवर म्हणालीस, "आई, नाव ठरलं. स्तांका. मिलानच्या आजीचं नाव." तुझ्या आत्याला ते 'टाका' ऐकू आलं आणि ती हसली. मी अर्थ विचारला. तू म्हणालीस, "जुनं नाव आहे गं, इकडे खेड्यापाड्यात ठेवायचे." मिलानच्या नावाचाही अर्थ मी विचारला होता. तेव्हा तू लगेच सांगितलंस, 'मिल' म्हणजे लाडका. आपल्या कॉलनीत तर निम्म्या लोकांना तो 'मिलन' वाटला, म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी. या वेळी तू टाळलंस, हे मला कळलं. म्हणून मनालीला मोबाइलवर शोधायला लावलं. तिने वाचून दाखवलं, की घरात मुलीच मुली होत असतील तर शेवटच्या मुलीला हे नाव ठेवत, म्हणजे मुली थांबतात. मिलानला तीन थोरल्या बहिणी आहेत, हे मला ठाऊक होतं.

पुढचं तुला माहीत आहे. मी लगेच फोन लावला. तुझ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी म्हणाले, "एवढी जड झाली असेल पोर तुम्हाला, तर माझ्याकडे पाठवून द्या. मी सांभाळीन. पण हे नाव माझ्या नातीला लावायचं नाही." त्यांना शब्द कळले नाहीत, पण माझं तोंड दिसत होतं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू भाषांतर केलं नाहीस. "आई, तुला काहीच माहीत नाही," एवढं म्हणालीस आणि फोन बंद केलास.

खरंच माहीत नव्हतं. पण माझंही काही तुला माहीत नाही.

तू किती वेळा म्हणालीस, पासपोर्ट काढ, तिकीट मी पाठवते. मी दर वेळी गुडघे पुढे केले. गुडघे दुखतात, ते खोटं नाही. पण पासपोर्टला शाळेचा दाखला द्यायचा होता, आणि माझ्या दाखल्यावर लता हे नाव नाही. येवल्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत माझं नाव नकुसा आहे. तीन मुलींनंतरची मी चौथी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती. माझी आई, चिमणाबाई, त्याच नावाने मला जेवायला हाक मारायची आणि तिच्या तोंडून ते कधी टोचलं नाही. टोचायचं ते शाळेत. गुरुजींनी हजेरीत "नकुसा" म्हटलं, की मागून कोणीतरी म्हणायचं, "नको तर जा की घरी." मी "हजर" म्हणायची आणि खाली बघायची.

लग्न ठरलं तेव्हा तुझे पप्पा म्हणाले, "या नावाने मी तुला हाक मारणार नाही." एसटी डेपोत क्लार्क असल्यामुळे त्यांना सरकारी कागदांची सवय होती. त्यांनी गॅझेटमध्ये नाव बदलून आणलं. लता. चांगल्या मनानेच केलं, मला विचारलं मात्र नाही. तो दाखला आणि गॅझेटचं पान मी साड्यांच्या खाली ठेवलं आणि तुम्हा दोघींना कधी दिसू दिलं नाही.

एवढंच सांगून पत्र संपवता आलं असतं. पण अजून एक आहे, आणि ते तुझं आहे.

तू जन्मलीस तेव्हा सिस्टर म्हणाली, "मुलगी झाली." मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "पुरे." आजवर मी तुम्हाला सांगत आले, की पप्पांच्या आईला नातू हवा होता म्हणून आजी नाराज होती. ते खरं नाही. आजीनेच तुला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुला हातात घेतलं नाही. ज्या बाईला लग्नापर्यंत 'नको' म्हणून हाक मारली होती, तिने असं केलं. सृष्टी हे नाव मी शोधलं असं मी सांगते, तेही पप्पांनी ठेवलेलं आहे. इतकी वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरींना कडेवर घेतलं, आयांना समजावलं, मुलगी मुलगा सारखाच. बोलताना दर वेळी ती भिंत आठवायची.

मागच्या रविवारी तुझ्या सासूबाईंनी फोन केला. तू बाळाला घेऊन झोपली होतीस. त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या, मिलान ते इंग्रजीत सांगत होता आणि मनाली मला मराठीत.

"स्तांका माझी सासू," रादमिलाबाई म्हणाल्या. "तिच्या आधीची तीन भावंडं गेली. एकही वर्षाचं झालं नाही. म्हणून तिला हे नाव ठेवलं. ती एक्क्याण्णव वर्षं जगली. मिलानला तिनेच वाढवलं."

मी मनालीला म्हटलं, "तो दुसरा अर्थ विचार."

त्या म्हणाल्या, "तोही आहे. खोटं कशाला सांगू? आमच्या शेजारी पाचव्या मुलीचं नाव स्तांकाच होतं, आणि ते मुलींना कंटाळून ठेवलेलं होतं. आमच्यात 'स्तानी' म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीलाही म्हणतात आणि दारातून निघालेल्या माणसालाही म्हणतात."

मनाली अडली. आधी म्हणाली, "म्हणजे बंद हो, असं काहीतरी." मग म्हणाली, "नाही गं आई. थांब. आपलं साधं 'थांब'."

एसटीला हात करून आपण 'थांब' म्हणतो, आणि पाहुणी चपला घालायला लागली तरी म्हणतो, थांब ना, चहा ठेवलाय. अठ्ठावन्न वर्षं हा शब्द तोंडात आहे, कधी लक्ष गेलं नाही.

मग रादमिलाबाई म्हणाल्या, "आणि त्या प्रसंगानंतर सृष्टीनेच हे नाव मागितलं." मनालीने विचारलं, "कोणता प्रसंग?"

त्याने सांगितलं. पाचवा महिना होता, पोटातलं बाळ गेलं. २०२३चा ऑक्टोबर. त्या वर्षी धम्मचक्र दिनाला तुझा फोन आला नाही. नंतर तू म्हणालीस, कोल्ड स्टोअरचं मशीन बिघडलं होतं, रात्रंदिवस तिथेच होते. त्यावर मी तुला वरून ऐकवलं होतं, की सणालाही आईची आठवण होत नाही. मिलानवर रागावू नकोस. त्याला वाटलं, आम्हाला माहीत असेल.

मला का सांगितलं नाहीस, ते मी विचारत नाही. तुला वाटलं असेल, आई आधी विचारील, मुलगा होता की मुलगी. विचारलंही असतं मी.

बुधवारी मनालीला घेऊन पासपोर्टच्या ऑफिसात गेले. दाखला आणि गॅझेटचं पान तिच्या हातात दिलं. तिने दोन्ही वाचलं आणि माझ्या जवळ सरकून बसली. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "मावशी, आधी दुसरं नाव होतं का?"

"होतं. नकुसा."

"लिहून दिलं तरी चालेल," ती हळूच म्हणाली. तिला वाटलं, मला लाज वाटेल.

"नको, सांगितलं ना," मी म्हटलं. "घाल तू तिथे."

पासपोर्ट लता या नावानेच निघेल. ते तुझ्या पप्पांच्या तोंडचं नाव आहे, मला सोडायचं नाही. अर्जात आधीच्या नावाच्या रकान्यात दुसरं राहील. सगळं वेळेवर झालं तर एप्रिलमध्ये मी तिकडे येईन. रादमिलाबाईंची माफी मी त्यांच्यासमोर बसून मागेन. तोवर तू एक कर. मी त्या दिवशी जे बोलले ते त्यांना जसंच्या तसं सांग. गोड करू नकोस. बाळाचं नाव तेच राहू दे. मी घरात म्हणून बघते, पहिल्या अक्षराला जीभ अडते, पण जमेल.

आता एकच विचारते. त्या आधीच्या बाळाला तुम्ही काही नाव ठेवलं होतं का? कागदावर नसेल, तुझ्या मनात असेल तरी चालेल. मुलगा की मुलगी ते मला सांगू नकोस. फक्त नाव असलं तर कळव, नसलं तर नाही म्हणून लिही. तेही माझं नातवंड होतं, आणि आठ दिवस झाले, मी त्याची आठवण काढायला बसते तर हाक काय मारायची तेच मला कळत नाही.

तुझीच,
आई