सातूचं पहिलं आधण

प्रिय दादा,

तुझी पूर्वा परवा शाळेतून आली आणि दप्तरही न उतरवता मला म्हणाली, "आत्या, माझे पप्पा दारू पिऊन मेले का गं?"

आईला बघायला मी आळ्याहून खोडदला आले होते. वर्गातल्या कुणा पोरीनं तिला तसं ऐकवलं होतं. वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. मग मीच बोलले. ते सगळं तुझ्याशीही बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तू गेलास तेव्हा ही रांगत होती रे!

तू इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिशांवर इलेक्ट्रिशियन. तिथं आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं तुला सांगितलं, आमच्याकडं माणसं घरीच बिअर करतात. सातूच्या, म्हणजे जवाच्या, दाण्यांना मोड आणायचे, वाळवून भरडायचे, भरडा कढत पाण्यात मुरवायचा, गोड पाणी गाळायचं, कडू फुलं टाकून उकळायचं आणि निवलं की आंबवायचं. जाताना त्या वाळक्या फुलांची पुडी तुझ्या हातात ठेवून गेला. झालं! सुपारीचं खांड न खाणारा तू, वेडाच झालास.

"प्यायचीय का तुला?" मी विचारलं होतं.

"प्यायचं कुणाला पडलंय? धान्याचं असं व्हतं कसं, ते बगायचंय."

नारायणगावच्या त्या भांड्यांच्या दुकानात मला बरोबर नेलंस, आठवतं? स्टीलचं मोठं पातेलं परवडेना. पितळेला कल्हईचा खटाटोप. राहिलं जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. तर तू एकेक पातेलं उलटं करून बुड वाजवत बसलास. पातळ बुडाला भरडा लागतो म्हणे. आणि हवं त्याच्या दुप्पट मोठं घ्यायचं, कारण उकळी फसफसून उतू जाते. शेठ कंटाळले. "जेवणाची किती पानं उठवायचीत, भाऊ?" तू खरं सांगून टाकलंस! शेठनी कानाला हात लावले. "मी भांडं विकलं. पुढचं मला नका सांगू." आपण रस्ताभर हसत आलो.

शेगडीसाठी तर किती हिंडलास! पंपाच्या स्टोव्हवर एवढं पाणी दुपारपर्यंत कोमटच राहिलं. विजेच्या कॉइलनं फ्यूज उडवला आणि वर लाइटही गेली. शेवटी आळेफाट्यावर एक वडेवाला गाडी बंद करून गावी निघाला होता, त्याची लोखंडी गॅसची शेगडी जुन्यात मिळाली. अंगणात पेटवलीस तेव्हा तिचा तो भर्रर्र आवाज! कुत्रं घाबरून पळालं. नुसतं पाणी ठेवलं होतंस, ते बघता बघता खळखळलं. तू लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होतास.

तिथंच, अंगणातच, का नाही राहिलास रे?

आई म्हणाली, "गावात तोंड दाखवू दे मला. दारू गाळतोय म्हणत्याल. करायचं तर आत कर, दार लावून."

एरवी तिचं तू कधी ऐकलंस? आणि ते एकच नेमकं ऐकलंस. पौषातला वारा, अंगणात जाळ टिकत नव्हता हेही खरं. गोठ्याशेजारच्या खोलीत सगळं मांडलंस. दाराला कडी घातलीस. भरड्याचा गोड वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलंस. विजेचं एवढं कळणाऱ्या तुला हे कसं कळलं नाही? मी रागवून विचारतेय दादा!

वहिनी जेवायला बोलवायला गेली. शेगडीचा आवाज चालू होता, म्हणून तिला वाटलं ऐकू येत नसेल. ती दार वाजवत राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी कडी तोडली. तू भिंतीला टेकून बसलेला, जसा डुलकी लागलेला. पातेलं उकळत होतं. फुलांची पुडी अजून फोडलीही नव्हतीस.

डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "बंद खोलीत जाळामुळं विषारी हवा साठली. तिला वास नसतो. यांच्या पोटात दारूचा थेंब नाही." पण ते ऐकायला गाव कुठं होतं? गावानं पातेलं पाहिलं आणि काय ते ठरवून टाकलं.

काल पूर्वाला घेऊन मी नारायणगावला गेले. शेठ थकलेत, पण गल्ल्यावर बसतात. तुझं नाव सांगताच म्हणाले, "बुड वाजवणारा!" मग पूर्वाला जवळ बसवलं. "बेटा, दारुड्याला बाटली दिसते. तुझा बाप भांडं बघत होता. मी त्याला हसलो, पण तसं गिऱ्हाईक परत आलं नाही."

घरी आल्यावर पूर्वा थेट आजीपुढं उभी राहिली. "आजी, पप्पा दारू नव्हते प्यायले."

आईनं तिला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय बाळा. आत कर, दार लाव, म्या म्हणलं व्हतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दादा! वहिनी उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

तुला ठाऊक नसेल, हल्ली इकडं उसात बिबटे फार झालेत. दिवस कलला की अख्खं गाव कड्या लावतं. आपलं दार तेवढं सताड उघडं असतं. लावायला गेलं की आई किंचाळते. "नगा लावू! त्यो आत हाय. शेगडी वाजतीया, ऐकू येत न्हाई का तुमास्नी?" सुरुवातीला मी समजूत घालायचे. आता घालत नाही. कारण काल संध्याकाळी तिच्या शेजारी बसले होते, आणि गोठ्याच्या बाजूनं मलाही ऐकू आलं. वारा असेल. वाराच असेल ना रे?

तुझ्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर पूर्वा आता खाली मान घालणार नाही, आणि मीही नाही. महिनाभर इथंच राहते, असं घरी कळवलंय. आई आहे तोवर तिच्या डोळ्यांदेखत ते दार कुणी लावणार नाही. इथं असेपर्यंत रोज अंधार पडायच्या आत उंबऱ्याशी मी बसत जाईन, बिबट्यासाठी कंदील आणि काठी घेऊन. हा माझा शब्द.

तुझीच,
धाकटी बहीण