दारातला काळा अक्रोड

१२ जानेवारी.
वरदला दारापुढच्या मातीत फरशी टाकायचीय. गाडी ठेवायला. चिरंजीव शेंद्र्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागले, तेव्हापासून घरही कंपनीच वाटतं त्यांना. मी जाहीर केलं: इथं अक्रोड लागणार. रिटायर झाल्यापासून या घरात माझी म्हणून एकच जागा उरलीय, ती हीच. सोडणार नाही.

१५ जानेवारी.
अक्रोडाच्या बीला रुजायला थंडी लागते. बी ओल्या वाळूच्या डब्यात, डबा फ्रीजमध्ये, दह्याशेजारी. सौ. दमयंतीनं डबा बाहेर काढला. मी परत ठेवला. दही बाहेर गेलं.

२ एप्रिल.
अक्रोड मातीत. रोज बर्फ घालणार. काश्मीर काय, करू तेव्हा होतं.

९ मे.
बर्फ अक्रोडाला, पाहुण्यांना कोमट सरबत. दमयंती बोलत नाही. नळाला पाणीही नाही.

२७ जुलै, सकाळी सहा.
उगवला!!

१४ ऑगस्ट.
मोबाईलवर ओळख पटवली. एका देठावर समोरासमोर पानं, म्हणजे अक्रोडच. कडा करवतीसारख्या, म्हणजे साधा नव्हे, काळा अक्रोड. अमेरिकन! दमयंती म्हणे, अहो, ह्यो तर कडुनिंब, समोरच्या नानासाहेबांच्या दारात हाय तसाच. बहुधा नानासाहेबांकडंही अक्रोड असावा. बिचाऱ्यांना कल्पना नाही.

३ नोव्हेंबर.
पान चावलं. कडू. अक्रोडाचं असतंच. वरद हसला. रागाच्या भरात सगळ्यांसमोर शब्द दिला: कडुनिंब निघाला तर स्वतः उपटीन, मग खुशाल फरशी टाका.

१८ मार्च.
उद्या पाडवा. वरदची नवी गाडीही उद्याच येणार. झाड कमरेएवढं झालंय. सकाळी पाणी घालताना त्याच्याशी चार शब्द बोलतो. ऐकून घेतं.

१९ मार्च.
दमयंतीनं गुढीसाठी डहाळी माझ्याच झाडाची तोडली. बघत राहिलो. गूळ-ओवा घालून चटणी वाटली. नानासाहेब आले होते, चाखून म्हणाले, घरचा निंब लई झ्याक कडू हाय. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

दुपारी उपटायला गेलो. निघेना. वरद हळूच म्हणाला, बाबा, राहू द्यायचा का? मी म्हटलं, छे, शब्द म्हणजे शब्द. मग त्यानं हात लावला. निघालं.

संध्याकाळी गाडी आली. पांढरी. मला पुढं बसवून क्रांती चौकापर्यंत फिरवून आणलं. एसी चांगलाय.

मला कडुनिंबही चालला असता.