सत्यशीलाची तब्येत, जबाबदारी माझी

२ मार्च
सत्यशीलाच्या स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपली. डॉक्टर म्हणाले, आता नॉर्मल जगा. नॉर्मल म्हणजे कसे, हे बायकोला कसे कळणार? म्हणून मीच ठरवले. बीटचा ज्यूस, प्राणायाम आणि संपूर्ण आराम. चौथीचा वर्ग सांभाळणाऱ्या मास्तरला एक बायको सांभाळणे काय अवघड आहे!

५ मार्च
शेजारची सुकरी आली. मोहफुले पडायला लागली, सत्यशीलाला वेचायला पाठवा म्हणाली. मी वाघाचे कारण सांगितले. "वाघ तं दरसालीच राह्यते, मास्तर," म्हणाली. अडाणी बाई, वाद कोण घालणार. सत्यशीला उठून आत गेली. तिला आरामाची गोडी लागते आहे.

९ मार्च
ज्यूस बकरी पिते, असे आज दिसले. बकरीची तब्येत छान आहे. उद्यापासून ग्लास रिकामा होईपर्यंत समोर बसणार.

१४ मार्च, दुपार
ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजला. ती झोपली होती, श्वास चालू आहे का म्हणून वाकून पाहिले. डोळे न उघडता म्हणाली, "मेली नाई मी अजून." विनोद करते. स्पिरिट उत्तम आहे.

२१ मार्च
बोलत नाही. मौनाचेही फायदे असतात. तिला चुलीजवळ जाऊ दिले नाही, वरण मीच केले. करपले. तिने ते निमूटपणे खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून पडली.
तिला काही झाले तर? हे लिहायला नको होते. प्लॅन चालू आहे.

२६ मार्च, सकाळी
घरात नाही! विहिरीत डोकावलो. बस स्टँडवर विचारले. मग हाका मारत जंगलाकडे पळालो. मोहाच्या झाडाखाली सुकरीसोबत फुले वेचत होती. हसत होती. मला पाहिले आणि हसू थांबले. ते फार लागले.
म्हणाली, "घरी मी निसती पेशंट. इथी कोणी विचारून नाई राह्यलं, कसं वाटते म्हणून."
मी रडलो नाही. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला होता, धूर डोळ्यांत गेला. रोज थोडा वेळ जायची परवानगी दिली. तिने मागितली नव्हती.

३ एप्रिल, चंद्रपूर
चेकअप. तिचे रिपोर्ट चांगले. हाताची सूजही उतरते आहे, हात असाच चालता ठेवा म्हणाले. आरामाचे श्रेय घ्यायला मी तोंड उघडले, तेवढ्यात ती माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरला म्हणाली, "आता यायले पाहा जी. झोपत नाईत, जेवत नाईत."
पेशंट मी नाही, असे मी ठामपणे सांगितले. त्यांनी माझे बीपी मोजले. डॉक्टर मशीनकडे बघत राहिले. विचारले, कसली भीती वाटते? आणि मी खुर्चीत लहान पोरासारखा रडलो. ही गेली तर मी कुणासाठी उठू, म्हणालो. सत्यशीलाने पदराने माझे नाक पुसले. डॉक्टरसमोर.
मला गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी फॉलोअप. सोबत कुणाला तरी आणा म्हणाले.
सत्यशीला म्हणते, मोहाचा सीझन आहे, सवड झाली तर पाहू.