मुहूर्तावर उघडणारं दुकान

४ सप्टेंबर, गुरुवार

बायकोच्या, म्हणजे सरोजिनीच्या, ऑनलाइन दुकानाची सूत्रं आज अधिकृतपणे हाती घेतली. भाजणी तिची, डोकं माझं. नवरात्रासाठी तिने पिंपभर उपवासाची भाजणी करून ठेवली आहे. ती खपली, तर नावड्याच्या कारखान्यातल्या लोकांचे जेवणाचे डबे कायमचे बंद करायचे, असं तिचं ठरलंय. तिचे गुडघे आता ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत. म्हटलं, निश्चिंत राहा. म्हणाली, तेच तर जमत नाही.

५ सप्टेंबर

मालाचं वर्णन लिहिलं. नाव दिलं ‘सात्त्विक व्रतचूर्ण’. उपवासाची भाजणी काय, कोणीही म्हणतं. वरी, राजगिरा, साबुदाणा यांचे गुणदोष, जठराग्नीचा विचार, शेवटी स्वतः रचलेला अनुष्टुभ. ॲपने तिसऱ्या चरणावर कापला. मर्यादा त्यांची.

६ सप्टेंबर, संध्याकाळ

पहिला मेसेज! ‘रात्री झोपताना कोमट पाण्यातून घ्यायचं का?’

समोरच्या फ्लॅटमधल्या खुर्शीदभाभींना दाखवला. त्या याच ॲपवर कोळंबीचं लोणचं विकतात. म्हणाल्या, सर, चूर्ण बोलल्यावर लोकं पोट साफ करायलाच घेणार ना. नाव बदला. विचार करतो म्हटलं. केला. बदलणार नाही. गिऱ्हाईक घडवावं लागतं.

७ सप्टेंबर, रविवार

आज ग्रहण, उद्यापासून पितृपक्ष. अशा काळात नव्या व्यवसायाचा प्रारंभ? चाळीशीनंतर चष्मा लागला, पण दृष्टी शाबूत आहे. ॲपमध्ये ‘हॉलिडे मोड’ नावाचं बटण सापडलं. ते दाबलं की दुकान कोणालाही दिसत नाही. दाबलं. आता उघडणार ते थेट घटस्थापनेला, मुहूर्तावर. सरोजिनीला सांगितलं नाही. तिला मोठ्या चित्रात रस नसतो.

११ सप्टेंबर

सरोजिनीने विचारलं, ऑर्डर? म्हटलं, बाजार तापतोय. हे असत्य नव्हे. कुठेतरी तापत असणारच.

१५ सप्टेंबर, सोमवार

लिफ्टमध्ये खुर्शीदभाभी. सर, तुमचं दुकान दिसत नाय. त्यांना पितृपक्ष सविस्तर समजावून सांगितला. सातवा मजला आला. मग म्हणाल्या, सर, उपास बावीसला. बाई भाजणी त्याच्या आदीच घरात आणून ठेवणार. बावीसला दुकान उघडून तुमी विकणार कोणाला, देवीला?

मग म्हणाल्या, माझ्या दुकानात टाका. माझं पार्सल रोज जातंच, ताईंचं पण जाईल.

नम्रपणे नकार दिला. व्रताचा पदार्थ कोळंबीच्या शेजारी? म्हणाल्या, देवी काय मोबाईल बघत नाय बसत, सर.

बाई हुशार आहे, पण शास्त्राची बैठक नाही.

१६ सप्टेंबर

  सारखा ॲप उघडून त्या बटणाकडे बघत होतो. बोट पुढे जातं, पण तत्त्व ते तत्त्व. शिवाय आता मध्येच उघडलं, तर भाभी म्हणणार, बघा, ऐकलंत ना.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सरोजिनी पिंपाचं झाकण काढून वास घेत होती. अजून खवट नाही, म्हणाली. कोणाला म्हणाली, कळलं नाही.

दुपारी कारखान्यातल्या बाजीरावांचा फोन. तेच तिथल्या सगळ्यांचे डबे ठरवतात. काकू, नक्की बंद करताय ना? मग मी दुसऱ्या बाईंना आजच शब्द देतो. फोन हातात धरून सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं.  मी मान डोलावली. आत्मविश्वासाने.

ती फोनवर म्हणाली, द्या शब्द.

जेवण गेलं नाही. हवा बदलतेय.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

एक दिवस राहिला. सरोजिनीने पाव-पाव किलोच्या पिशव्या भरून, सील करून, दिवाणावर रचून ठेवल्या. लेबलांवर ‘उपवासाची भाजणी’ लिहिलंय. वाद घातला नाही. उद्या यशच बोलेल.

२२ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

घट बसले. मुहूर्तावर दुकान उघडलं.  

दुपार

ऑर्डर आली! शिरवण्याची बाई. पाठोपाठ मेसेज, आज संध्याकाळपर्यंत पोचेल का? ॲप म्हणतं, पाच-सहा दिवस. ऑर्डर रद्द. मग खारघरचे एक गृहस्थ. त्यांचीही रद्द. मग एकाने विचारलं, मूळव्याधीवर चालतं का?

संध्याकाळ

सरोजिनीला सगळं सांगावं लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, म्हणजे पंधरा दिवस दुकान बंदच होतं? म्हटलं, बंद नव्हे, स्थगित.

ती ओट्याला धरून उठली. बाजीरावांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तिने परत लावला.

मी खुर्शीदभाभींच्या दारापर्यंत गेलो. आतून त्यांचा आवाज आला, आता कोण घेणार सर, सगळ्यांकडे आहे. बेल वाजवलीच नव्हती. चालीवरून ओळखलं असावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा, कारखान्याला सुट्टी. म्हणून सीमोल्लंघन आज. करंजाडे ते नावडे, स्कूटरवरून, डबे घेऊन. बरेचसे लोक त्या दुसऱ्या बाईंकडे गेले. थोडे उरलेत. त्यांच्यासाठी पोचवणारा माणूस ठेवणं परवडत नाही, त्यामुळे वितरण विभाग मी पाहतो. सरोजिनी पहाटेपासून ओट्यापाशी होती. स्टूल दिलं तर बसली नाही.

बाजीरावांनी आपला डबा गेटवरच उघडला. थालीपीठ बघून विचारलं, काका, दसरा झाला ना? घरात अजून उपास चालूय? म्हटलं, पौष्टिक असतं. त्यांनी एक तुकडा खाल्ला. चांगलंय म्हणाले, काकूंच्या हाताला चव आहे. पण उद्यापासून चपाती द्या हां.

मी हो म्हटलं. दिवाणावरच्या पिशव्या अजून अर्ध्याही संपलेल्या नाहीत.