शिंकेची गोळी आणि कारंज्याचे पाहुणे

सोमवार, ६ ऑक्टोबर
अडतीत सोयाबीनची आवक. धूळच धूळ. आज एकोणचाळीस शिंका. भागवत हमालानं मोजल्या, मी असल्या गोष्टीकडे लक्ष देत नाई.
रविवारी चार वाजता कारंज्याचे पाहुणे नातीले, खुशबूले, पाहायले येणार. अकोल्याचं स्थळ मोडलं ते माह्या शिंकेनं. पोराच्या बापाले आपल्या खानदानाची माहिती देत होतो, पावणेदोन तास झाले होते, ऐन रंगात शिंकलो. अपशकुन! दुसऱ्याच दिवशी नकार. यावेळी एकही शिंक नाई पायजे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. निश्चय.

मंगळवार, ७
सून चेतना बी.फार्म. शेलूबाजारात तिचं स्वतःचं मेडिकल. तिनं पांढरी गोळी देली. झोपताना एकच, म्हणे. पण मले चातुर्मासात चौविहार. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाई, मग गोळी कशी? तर दिवस मावळायच्या आत घ्या, पण एकच, आणि त्यानंतर गाडी चालवू नका. कायले? तर झोप येते.
चाळीस वर्षं अडत चालवून राह्यलो. मले झोप!
साडेपाचले अर्धीच घेतली. शरीराले एकदम धक्का नको.

बुधवार, ८
शिंका तीस. म्हणजे अर्ध्या गोळीत नऊ कमी. एकीत अठरा, दोनीत छत्तीस. उरल्या तीन, त्या रुमालात दाबता येतात.
चेतनाले सांगतलं. म्हणे, बाबूजी, असं सरळ रेघेत नसते. डोस वाढवला तर शिंका एका हद्दीपर्यंतच कमी होतात, झोप मात्र वाढत जाते. गोळी पोटातून रक्तात अन् रक्तातून डोक्यात जाते. मी म्हटलं, शिंक नाकात, मग डोक्यात तिचं काय काम? ती नुसती हसली. निरुत्तर झाली बिचारी.

शुक्रवार, १०
काल पूर्ण गोळी. आज शिंका बारा! अंदाजापेक्षा सरस.
दुपारी गादीवर डोळे मिटून सोयाबीनच्या भावाचा विचार करत होतो. भागवत सगळ्या बाजारात सांगून आला, घेवरशेठ घोरून राह्यले म्हणून. काय माणसं असतात.

शनिवार, ११
नवी माहिती. चेतना म्हणे, निम्मी गोळी अंगातून जायलेच जवळपास दिवस लागते. रोज घेतली तर कालची शिल्लक आजच्यात मिळते, म्हणून जपा.
म्हणजे माल साठवता येतो! हे आधी नाई का सांगायचं? आज मावळतीआधी दोन. उद्या पाहुण्यांआधी आणखी दोन. तिले बोललो नाई. उगाच डोक्यावर चढून बसन.

रविवार, १२, सकाळ
शिंका शून्य. तोंड कोरडं. चहाच्या कपाऐवजी बशीत साखर टाकली, पण ते होते कधीकधी.
बायको, पानाबाई, म्हणे, आज तुमी जरा कमी बोला. मग बोलन कोण? पणजोबा जोधपूरहून निघाले तिथून सुरुवात करणार.

पावणेचार
सव्वातीनले दोन घेतल्या. एकदम ताजंतवानं वाटून राह्यलं. अक्षर वाकडं येते, पेन खराब आहे. गाडीचा आवाज. पाहुणे आ

सोमवार, १३
पानाबाईनं सांगतलं ते लिहितो.
पणजोबा जोधपूरच्या वेशीबाहेर पडायच्या आत माही मान पोराच्या बापाच्या खांद्यावर. भला माणूस, अर्धा तास हलला नाई. चेतनानं पट्टीतल्या गोळ्या मोजल्या, डॉक्टरले बोलावलं. ते म्हणे धोका नाई, झोपू द्या, पण लक्ष ठेवा. तिकडे खुशबू अन् पोरगा, अर्हम, निवांत बोलले. बायका बोलल्या. सव्वापाचले होकार. पेढे फिरले.
मले जाग आली तेव्हा सूर्य बुडाला होता. समोर वाटीत माह्या वाट्याचा पेढा. चौविहार. नुसता पाहत बसलो.
म्हटलं, शिंकलो नाई म्हणून जमलं. मग खुशबू जवळ येऊन बसली. म्हणे, दादाजी, अकोल्यावाले शिंकेनं नव्हते गेले. मग काहून गेले, विचारलं. ती माह्या पायावरचं पांघरूण सारखं करत राह्यली.
समजलं. ते पावणेदोन तास. लई वाईट वाटलं.
आज सकाळी चेतनानं पट्टी जप्त केली. यापुढे बाबूजींले एकही गोळी नाई, म्हणे. मी डोळे मिटून पडलो होतो. पानाबाईले वाटलं, झोपलो. तिनं चेतनाले हळूच विचारलं, साखरपुड्यापुरती एखादी देता येईन का?