उत्तर न आल्यास

१४ सप्टेंबर, दुपार

चि. शहाण्यास,

आईचे भरपूर आशीर्वाद. तू, सूनबाई आणि धाकटी मजेत असाल. धाकटीचे पुढचे दात आले का? इकडे जिन्यातला दिवा पुन्हा गेला आहे, पाणी वेळेवर येतं आणि मी बरी आहे. अक्षराकडे बघू नकोस, मनगट जरा धरलं आहे.

मेल न करता कागदावर लिहिते, कारण मेल तू अंगठ्याने वर सरकवतोस. कागदाची निदान घडी तरी उघडावी लागते.

विषय तुझ्या प्रोग्रामचा. मागच्या खेपेला आलास तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवून दिलास, तो. रोज सकाळी आठला तो टिंग करतो आणि विचारतो, "आई, ठीक ना?" मी "ठीक" लिहून बटण दाबायचं. नऊपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याने तुझ्या फोनवर घंटा वाजवायची. "आता तू पडलीस-बिडलीस तरी मला तासाभरात कळेल," असं म्हणून तू सुटकेसचं चाक खडखडवत जिना उतरलास.

तर मागच्या महिन्यात एका गुरुवारी मी उत्तर दिलं नाही. मुद्दाम. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली बाई आहे मी. न तपासलेल्या लाइनवर माझा विश्वास नाही. नऊ वाजले, दहा वाजले, दुपार झाली. तुझा फोन नाही. रात्री तू धाकटीचा सायकलवरचा फोटो पाठवलास. गोड आहे. हेल्मेट मोठं होतंय तिला.

मग मी तुझी फाइल उघडली. उघडताना कुठेतरी बोट लागून एक ओळ आत सरकली, तर पायथन लगेच डाफरलं की समास चुकला. तुमच्या भाषेला समासाचं एवढं वेड आहे हे मला कोणी सांगितलं असतं, तर मी कधीच शिकले असते. शाळेत सिस्टरांनी वहीच्या समासावरून माझी बोटं पट्टीने सोलून काढली होती.

लायब्ररीत आम्हा म्हाताऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग आहे. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीकडे फाइल घेऊन गेले. ती म्हणाली, "आजी, एरर आली की घाबरायचं नाही. सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचायची."

"घाबरतंय कोण? येऊ तर दे. हा तोंडच उघडत नाही."

"मग मधेमधे प्रिंट घाला. जिथपर्यंत छापतंय, तिथपर्यंत ठीक."

हे तर आमचंच काम! लाइन तुटली की आमची माणसं एकेका खांबाशी थांबून आवाज बघत पुढे जायची. मी घरी येऊन दर दोन ओळींमागे "इथे आले", "इथे आले" असं छापायला लावलं. "ठीक" लिहिलं की शेवटपर्यंत छापायचं. उत्तर दिलं नाही की मधेच थांबायचं, आणि तेही मुकाट्याने.

कारण सांगते. उत्तर आलं की तू आधी त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा झाडून काढतोस आणि मग ते "ठीक" आहे का ते बघतोस. छान. पण उत्तर आलंच नाही, तर झाडणार काय? हातात काहीच नसतं. या "काहीच नाही"ला पायथनमध्ये नन म्हणतात. (आमच्या शाळेतल्या नन काहीच नाही अशा कधीच नव्हत्या, छडीसकट होत्या. असो.) तिथे प्रोग्राम ठेचकाळतो. घंटेची ओळ त्याच्या खाली आहे, तिथवर तो पोचतच नाही. आणि ठेच लागली तर त्याने ओरडू नये, म्हणून तू वरून बंदोबस्त केला आहेस: काहीही चुकलं तर एक्सेप्ट, पास. म्हणजे गप्प राहा आणि पुढे चल. शेजारी तुझी टीप: "सध्या असू दे".

म्हणजे मी ठीक असले की तुझा प्रोग्राम अगदी उत्तम चालतो. आमच्याकडे शांत लाइनला कोणी चांगली लाइन म्हणत नसे, शहाण्या. शांत म्हणजे मेलेली.

मी दुरुस्त केलं. आधी उत्तर आहे का ते बघायचं, नसेल तर थेट घंटा. गप्प बसवणारी ओळ उडवली. लायब्ररीतल्या मुलीने तपासलं आणि म्हणाली, "आजी, पैकीच्या पैकी." मग परवा मंगळवारी मी पुन्हा उत्तर दिलं नाही. या वेळी खरोखर मुद्दाम.

लिहून गेले "खरोखर". असू दे, खोडत नाही.

नऊला घंटा गेली. माझ्या पडद्यावर तसं छापून आलं. मी फोन मांडीवर घेऊन बसले, चष्मा पुसून. थोड्या वेळाने तुझा निरोप आला. फोन नाही, निरोप. "आई, प्रोग्राम बिघडलाय वाटतं, उगाच वाजला. मीटिंगमध्ये होतो. माझ्याकडून आवाज बंद केलाय, सावकाश बघतो."

पहिल्यांदाच तो बरोबर चालला होता.

आता त्या गुरुवारचं. परीक्षा वगैरे काही नव्हती. मी न्हाणीघरात पडले. साबण नाही, पाणी नाही, नुसता पाय गेला. मनगट अंगाखाली आलं आणि उठता येईना. मोबाइल उशीपाशी. आठला बाहेर टिंग झालं. मी मनात म्हटलं, बरंच आहे उत्तर देता येत नाही ते, आता तासाभरात पोरगा फोन करकरून सगळी बिल्डिंग उठवेल. नऊपर्यंत मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. नऊनंतर वाटली.

शेवटी डाव्या हाताने टॉवेल ओढला, मोरीच्या तोंडात कोंबला आणि नळ सोडला. खालच्या डेंटिस्टशी माझं छताच्या ओलीवरून किती वर्षांचं भांडण आहे, ते तुला माहीत आहे. आलाच तो दणदण करत. "मावशी! पुन्हा सुरू झालं तुमचं! खुर्चीवर पेशंट आ करून बसलाय माझा!"

"डॉक्टर, आधी दार फोडा, मग भांडा."

दणदण थांबली. मग अगदी वेगळ्या आवाजात, "मावशी, कुठे आहात तुम्ही?"

दार त्याने फोडलं. मला उचललं, नळ बंद केला, मनगट बांधून आणलं आणि टॅक्सीत बसून रडायला लागला, बावळट. "मुलाला कळवा," म्हणाला. मी म्हटलं, "त्याला कळेल." तुला मी का सांगितलं नाही, असं विचारशील. कारण ते तुला कळायला हवं होतं.

आज सकाळी फाइल काढून टाकली. डेंटिस्ट दवाखाना उघडला की आता काठीने छतावर दोनदा ठोकतो, मी वरून पाय आपटते. काल मला उशीर झाला, तर पांढरा कोट अर्धा चढवून जिन्यात हजर. भांडण अर्थात चालूच आहे; छत मीच रंगवून द्यायचं आहे म्हणे.

तेव्हा तुला आता घंटा येणार नाही. खरी नाही आणि उगाचही नाही. तू मोकळा आहेस. आठवण झाली की फोन कर, निमित्त लागत नाही. रोज सकाळी तुला माझी आठवण करून देईल असा प्रोग्राम मला आता लिहिता येतो. दहा ओळींचं काम आहे. लिहिणार नाही.

धाकटीला पापा. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी, अजून इथेच असलेली,
आई