नारळाच्या रश्श्यात मी काय घातले

मी, गोकुळा इस्तारी डहारे, वय एकसष्ट, धंदा स्वयंपाक, राहणार कोसंबटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, आज रविवारी आंघोळ करून, चहा पिऊन, माझ्या पडवीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शुगर नाही, बीपीची अर्धी गोळी आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. भीती आहे, ती लपवत नाही. पण भीतीने माणसाची अक्कल जातेच असे नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मूलच्या वकिलांनी सांगितले की आधी नातेवाईक लिहा, मग मिळकत. त्याप्रमाणे लिहिते. माझे पती इस्तारी तळ्यात मासे धरत. ते २००३ साली वारले. आम्हाला मूलबाळ नाही. पतीचा धाकटा भाऊ भूपेश आणि त्याची बायको सोमारी माझ्या घराला लागूनच राहतात. त्यांची एकुलती मुलगी रोशनी या आषाढात गेली. माझ्या बहिणीची मुलगी दिव्या चिमूरला नर्स आहे. एवढीच माझी माणसे.

१. कोसंबटोल्याचे कवेलूचे घर, मागची वाडी आणि त्यातील बोअर मी दिव्याला देते. घर माझ्या कमाईचे आहे. पती गेल्यावर मी घुग्घुसला सिमेंट कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर पोळ्या करायला लागले. तिथल्या एका इंजिनिअरची आफ्रिकेत बदली झाली, त्या कुटुंबाने मला सोबत नेले. टांझानिया देशात समुद्रकाठी टांगा नावाचे गाव आहे. तिथे मी नऊ वर्षे राहिले. मला बोटीची भीती वाटली नाही, डोंग्यात वाढलेली बाई मी. भीती वाटली ती नारळाची. आपल्याकडे नारळ देवापुढे फुटतो आणि हातावर प्रसादाचा तुकडा येतो. तिथे दिवसाला तीन-चार फुटायचे, आणि तेही भातासाठी. पहिल्या आठवड्यात मला सारखे वाटे, आपल्या हातून काही पाप होत आहे.

शेजारच्या बंगल्यावर झुहुरा नावाची बाई स्वयंपाक करी. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणून ती मामा झुहुरा. तिनेच मला कोंबडीचा नारळातला रस्सा आणि नारळाचा भात शिकवला. माझ्या सासूने मला जितके शिकवले त्याहून तिने जास्त शिकवले, हेही इथे लिहून ठेवते.

२. नारळ किसायची लाकडी पाटी मी दिव्याला देते. ही घडीची आहे, पुढे लोखंडाची दातेरी जीभ आहे. दोन्हीकडे पाय टाकून तिच्यावर बसायचे आणि नारळाची वाटी त्या जिभेवर फिरवायची. तिकडे तिला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. परत आल्यावर मी हे शेजारणींना हसत हसत सांगितले, ती माझी चूक झाली. पहिल्या वर्षी त्याही हसल्या. यंदा तेच बोलणे असे फिरले की गोकुळाबाई अवसेला लाकडाच्या बकरीवर बसून जाते.

खरे तर ही पाटी रोशनीला द्यायची होती.

३. टांग्याहून आणलेला लाल-काळा छापाचा कपडा, ज्याला तिकडे खांगा म्हणतात, तो कोणालाच देता येत नाही. गेल्या बुधवारी तो दोरीवरून गेला. उद्या पोळा आहे आणि मंगळवारी मारबत. दरवर्षी गावाबाहेर नेऊन जाळायला बाईचा पुतळा करतात, ईडा पीडा घेऊन जा म्हणत. यंदाचा पुतळा समाज मंदिराच्या मागे तयार आहे. काल मी पिठाच्या गिरणीवर जाताना तो पाहिला. त्याच्या अंगावर माझा खांगा आहे. गळ्यात नारळाच्या करवंट्यांची माळ आहे. पुतळ्याजवळ पोरे होती. मला पाहून ती पळाली नाहीत.

४. आता रोशनीबद्दल. हा मजकूर मिळकतीचा नाही, पण वकिलांनी सांगितले की मनात असेल ते लिहा.

रोशनी वीस वर्षांची होती, मूलच्या कॉलेजात शिकत होती. तिला रक्ताचा आजार होता, सिकलसेल, त्याचे दवाखान्याचे कार्ड होते. मला मोठीमाय म्हणायची. आषाढातल्या एका रविवारी ती आली. म्हणाली, "मोठीमाय, मले शिकव. मी मूलले ठेला लावतो. असा रस्सा कोणाजवळच नाई भेटत." नारळ तिनेच किसला, कोंबडी निखाऱ्यावर तिनेच उलटली. दोनदा भात घेऊन जेवली आणि भांडी घासून गेली.

बुधवारी सकाळी तिचे सांधे धरले. ओरडणे माझ्या पडवीत ऐकू येत होते. मी गेले आणि भूपेशला म्हणाले, "गाडी काढ. कार्ड घे अन् दवाखान्यात ने तिले. पाणी पाज."

तो म्हणाला, "वयनी, तुमी मधात नका पडू. आमी पाह्यतो."

त्याने तिला दोन गावे पलीकडच्या झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याकडे नेले. पुजाऱ्याने लिंबू-राख करत दोन दिवस ठेवून घेतले. त्याने विचारले, पोरीने बाहेर काय खाल्ले. घरचे म्हणाले, नारळ आणि भाजलेली कोंबडी. तो म्हणाला, मग मला काय विचारता. शुक्रवारी पोरीचे डोळे पिवळे झाले, श्वास लागला, तेव्हा दवाखान्याची गाडी बोलावली. ती वाटेतच गेली.

दिव्या मला म्हणाली होती की बुधवारीच नेले असते तर वाचली असती. हे भूपेशलाही कळते. ते त्याला स्वतःला सांगता येत नाही, म्हणून मी रश्श्यात काही घातले असे तो गावाला सांगत आहे.

५. पतीचे मासे धरायचे मोठे जाळे आणि डोंगा भूपेशला द्यावा. हे त्याच्या भावाचे आहे, त्याचा हक्क आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता, माझ्याच ताटात जेवायचा. मी त्याला माफ केले असे लिहिणार नाही, कारण त्याने माफी मागितलेली नाही. जाळे मात्र त्याचेच.

६. रोशनीच्या मातीहून गाव परतल्यापासून माझ्या घरी कोणी पाणी पीत नाही. दारात हळद-कुंकू लावलेला फुटका नारळ तीनदा ठेवला गेला. माझी तांबडी कोंबडी मान मोडून बोअरजवळ टाकली होती. समाज मंदिरात बैठक झाली, मला बोलावले नाही. दिव्याने ठाण्यात अर्ज दिला. शिपाई आले, त्यांनी पाच जणांना जादूटोण्याविरुद्धचा कायदा समजावून सांगितला. मंगळवारी माणूस पाठवू म्हणाले आहेत. दिव्या मला चिमूरला चल-चल करते. मी गेले तर यांचे म्हणणे खरे ठरते, आणि रोशनीला मीच मारले असे कायमचे लिहिले जाते. म्हणून मी जात नाही.

७. माझा मृत्यू झाल्यास तो कसाही झालेला असो, पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय मला जाळू नये. ही माझी सर्वांत मोठी इच्छा समजावी.

तळ्यात बुडाली असे कोणी सांगितल्यास मानू नये. मी ढिवराची लेक आणि ढिवराची बायको, मला पोहता येते. चुलीवर पदर पेटला असे सांगितल्यास मानू नये. मी तीस वर्षे विस्तवाजवळ काढली, पदर खोचल्याशिवाय फुंकणी हातात घेत नाही. वाघाने नेले असे सांगितल्यास जागा दाखवायला सांगावे, कारण मी मोहफुलांना किंवा सरपणाला एकटी जंगलात जात नाही. गाव सोडून गेली असे सांगितल्यास माझ्या चपला आणि चष्मा घरात आहेत का ते पाहावे.

८. माझ्या रश्श्यात मी काय घालते हे गावाला कळावे म्हणून लिहिते. याची झेरॉक्स काढून ज्याला हवी त्याला द्यावी.

कोंबडी एक, मोठे तुकडे. त्यांना आले, लसूण, हिरवी मिरची वाटून लावायची, वर हळद, मीठ आणि एक लिंबू पिळायचे. हे लिंबू आंबटपणासाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. दोन तास ठेवायचे. मग तुकडे निखाऱ्यावर जाळीत भाजायचे, कडा काळ्या पडेपर्यंत. काळ्या कडांनीच चव येते. दोन नारळ किसायचे. किसात गरम पाणी घालून पिळायचे, हे पहिले दूध दाट, बाजूला ठेवायचे. पुन्हा पाणी घालून पिळायचे, हे दुसरे दूध पातळ. अर्धे पातळ दूध भाताला आणि अर्धे रश्श्याला. तेलात कांदा, टमाटे, जिरे आणि धने परतायचे, त्यात पातळ दूध, मग भाजलेले तुकडे. दाट दूध अगदी शेवटी, आणि ते घातल्यावर उकळू द्यायचे नाही, नाहीतर फाटते. उकडलेली अंडी कापून वर ठेवायची, सांबार म्हणजे हिरवी कोथिंबीर टाकायची. भातासाठी आपला एचएमटी तांदूळ चालतो. पातळ दुधात मीठ घालून तो शिजवायचा, पाणी आटले की झाकणावर दोन निखारे ठेवायचे. मामा झुहुरा म्हणायची, झाकण उघडून पाहणाऱ्या बाईचा भात कच्चा राहतो.

एवढेच घालते. यात आणखी काही नाही.

९. मंगळवारी मी हा स्वयंपाक अंगणात करणार आहे. पाटी अंगणात, शेगडी अंगणात, दार सताड उघडे. दोन कोंबड्या आणि पाच नारळ आणून ठेवले आहेत. मारबत माझ्या दारावरूनच जाते. ज्याला पाहायचे आहे त्याने उभे राहून पाहावे, जेवायचे असेल त्याने जेवावे. त्यानंतर माझे काय होईल ते मला माहीत नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्रूभाऊ गेडाम यांनी करावी. ते निवृत्त वनरक्षक असून शेजारच्या टोल्यावर राहतात. माझ्या तेरवीला वरचाच स्वयंपाक करावा. कोणी जेवायला आले नाही तर दिव्याने आणि पत्रूभाऊंनी जेवावे, भात फेकू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले, माझ्या मनाप्रमाणे आहे. खाली दोघांच्या समोर सही करते.

(सही) गोकुळा इस्तारी डहारे

साक्षीदार:
१. (सही) पत्रू इतवारी गेडाम
२. (सही) सोमारी भूपेश डहारे

टीप. दुसरी साक्षीदार माझी जाऊ, रोशनीची आई आहे. ती कशी आली ते लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या म्हणतील की मी तिला भारून आणले.

दुसरी साक्ष म्हणून पत्रूभाऊंनी आणलेला माणूस फाटकाशी आला, माझे घर पाहिले आणि परत गेला. आम्ही दोघे बसून होतो. दुपारी सोमारी मागच्या दाराने आली. पोर गेल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "बाई, मंगळवारी घरी राहू नका. मारबत जाळून ते इकडेच येणार हायेत. आमच्याच घरी ठरून राह्यलं."

मी विचारले, "कोण कोण?"

तिने तीन नावे सांगितली. पहिले तिच्या नवऱ्याचे होते. ती नावे बंद पाकिटात पत्रूभाऊंकडे ठेवली आहेत.

मग तिने विचारले, "त्या दिवशी पोटभर जेवली होती का ती?"

मी म्हणाले, "दोनदा भात घेतला."

नंतर तिने कागद कसला म्हणून विचारले. पत्रूभाऊंनी सगळा वाचून दाखवला. रोशनीच्या बुधवारचे आले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला, पण थांबवले नाही. शेवटी म्हणाली, "साक्ष मी देतो."

पत्रूभाऊ म्हणाले, "सोमारी, कोर्टात उभं राहून सांगा लागते. भूपेश घरात घेणार नाई तुले."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "बुधवारी मीही काई बोलली नाई."

पत्रूभाऊंनी शाईचा पॅड पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि पेन मागितला. सही करायला तिला वेळ लागला. सोमारीतला री लिहून झाल्यावर तिने विचारले, वेलांटी दुसरी ना. रोशनीने शिकवली होती म्हणाली, बँकेच्या खात्यासाठी.

जाताना मी तिला मागचे दार उघडून दिले. ती समोरच्या दाराने गेली. रस्त्यापलीकडे पारावर माणसे बसली होती. त्यांचे बोलणे थांबलेले मला आतून ऐकू आले, आणि ते पुन्हा सुरू झाले नाही.

ही टीप मी नंतर जोडली म्हणून तिच्याखाली पुन्हा सही करते.

(सही) गोकुळा इस्तारी डहारे
(सही) पत्रू इतवारी गेडाम

स्थळ: कोसंबटोला, राहत्या घरी
दिनांक: १ सप्टेंबर २०२४, रविवार, पोळ्याचा आदला दिवस